थाळनेरचे मकबरे आणि मराठीतील काही वास्तुशब्द

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांसमवेत थाळनेर येथील फारूकी मकबरे पाहण्याचा योग मध्यंतरी आला. अहिराणी बोलीचे नमुने गोळा करणे हा त्या प्रवासाचा मुख्य हेतू होता. मकबरे हे वाटेवरचे प्रेक्षणीय स्थळ, एवढेच त्यांचे स्थान आमच्या कार्यक्रमात होते. परंतु तेथे एका विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नामुळे कार्यक्रमातील हे दुय्यम स्थानच आमच्या चर्चेचा मुख्य विषय होऊन बसले. त्याने विचारले, "सर, या इमारती इराणी वळणाच्या आहेत, असे आपण सांगितले; मग निळ्या फरशा कोठे आहेत?"

प्रश्न सरळ होता आणि रास्तही होता. इराणी वास्तुकला म्हटली की चकाकणाऱ्या निळ्या-पिरोजी फरशांनी मढविलेले घुमट आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. थाळनेरास आम्हांस तशी एकही फरशी दिसली नाही. दिसला तो घडीव आणि कोरीव दगड. मग येथील इराणी प्रभाव म्हणजे नेमके काय? "प्रभाव" हा शब्द आपण वास्तूच्या अभ्यासात वापरतो, तसाच भाषेच्या अभ्यासातही वापरतो; आणि दोन्हीकडे तो पुष्कळदा सैलपणाने वापरतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर प्रथम वास्तूंच्या व नंतर शब्दांच्या आधारे देण्याचा प्रयत्न केला आहे.

१. स्थळ आणि राजवंश

थाळनेर हे धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातील, तापी नदीच्या उत्तर तीरावरील जुने गाव. नदीकाठी किल्ल्याचे अवशेष आहेत. आज हे आडबाजूचे वाटणारे ठाणे एके काळी खानदेशच्या स्वतंत्र राज्याचे पहिले केंद्र होते. फिरोजशाह तुघलकाने इ.स. १३७० च्या सुमारास मलिक राजा फारूकी यास या प्रदेशात जहागीर दिली. दिल्लीची सत्ता दुबळी होताच तो स्वतंत्रपणे कारभार पाहू लागला. इ.स. १३९९ मध्ये त्याचा मृत्यू झाला व थाळनेरलाच त्याचे दफन झाले. इस्लामचे दुसरे खलीफा उमर यांना 'फारूक' ही उपाधी होती. त्यांच्याशी आपले कुलनाते हा वंश सांगत असे, म्हणून त्याचे नाव फारूकी.

मलिक राजाच्या मागे राज्य त्याच्या दोन पुत्रांत विभागले गेले. थोरला नासिरखान धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर आणि धाकटा इफ्तिखार थाळनेरला, अशी ती वाटणी होती. नासिरखानाने अशीरगड घेतला, तापीतीरी बऱ्हाणपूर वसविले आणि इ.स. १४१७ मध्ये माळव्याच्या होशंगशाहाच्या साहाय्याने भावाकडून थाळनेरही मिळविले. माळव्याच्या घराण्याशी फारूकींच्या सोयरिकी होत्या, हे येथे लक्षात ठेवावयास हवे. पुढील विवेचनात त्याचा उपयोग आहे.

नासिरखान इ.स. १४३७ मध्ये वारला. त्यानंतर मीरान आदिलखान (१४३७–१४४१) आणि त्याचा पुत्र मीरान मुबारकखान (१४४१–१४५७) हे गादीवर आले. या पहिल्या पिढ्यांतील राजांची दफनभूमी थाळनेर हीच राहिली. राजधानीचे वैभव बऱ्हाणपुराकडे सरकले होते, तरी मृत राजाला मूळ ठिकाणी आणून विसावा द्यावयाचा, अशी ही प्रथा दिसते. मुबारकखानानंतर दफनभूमीही बऱ्हाणपुराकडे गेली.

२. थाळनेरास काय दिसते

मकबऱ्यांचा हा समूह एकसारखा नाही. बहुतेक इमारती चौरस तळाच्या व एकघुमटी आहेत. एक अष्टकोनी आहे आणि कोरीव कामाच्या दृष्टीने तीच सर्वांत समृद्ध आहे. मुबारकखानाचा म्हणून ओळखला जाणारा मकबरा अभ्यासकांच्या विशेष लक्षात भरला आहे. भारतीय इस्लामी वास्तुकलेचे इतिहासकार पर्सी ब्राऊन यांनी त्याचे नाते मांडू येथील होशंगशाहाच्या मकबऱ्याशी जोडले आहे. होशंगशाह इ.स. १४३५ मध्ये वारला आणि त्याचा संगमरवरी मकबरा महमूद खिलजीच्या कारकिर्दीत इ.स. १४४० च्या सुमारास पुरा झाला. थाळनेरची इमारत त्यानंतरची; परंतु ती नुसती नक्कल नव्हे. होशंगच्या मकबऱ्याच्या भिंती भरीव व काहीशा जड वाटतात. येथे भिंतीत दारे-खिडक्यांची योजना अधिक मोकळी आहे, आडव्या पट्ट्यांनी भिंतीची उंची विभागली आहे, वर पुढे झुकणारा छज्जा आहे, आणि घुमट अष्टकोनी बैठकीवर उचलून धरल्यामुळे सबंध इमारतीस उंचीचा डौल आला आहे.

या इमारतींत परदेशी काय आणि देशी काय, असा हिशेब मांडावयाचा झाला तर तो असा मांडता येईल. चौरस खोलीवर वर्तुळाकार घुमट बसविण्याची रीत, त्यासाठी चौकोनाचा अष्टकोन करण्याची युक्ती आणि टोकदार कमान या गोष्टी पश्चिमेकडून, इराण व मध्य आशियाच्या परंपरेतून, दिल्ली व माळव्याच्या मार्गाने आल्या. दगड फोडणे, घडविणे, सांधणे आणि कोरणे हे कसब मात्र येथलेच होते. साक्री तालुक्यातील बळसाण्याची मंदिरे, चाळीसगावजवळील पाटणची मंदिरे, तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव येथील मंदिर ही ज्या पाथरवटांच्या परंपरेने उभी केली, ती परंपरा फारूकींच्या काळात नाहीशी झालेली नव्हती. तिला फक्त नवे गिऱ्हाईक व नवा नकाशा मिळाला.

३. काशीकाम : त्याचे तंत्र व प्रवास

आता निळ्या फरशांकडे वळू. झिलई दिलेल्या फरशांच्या कामास फारसीत 'काशी' म्हणतात. हे नाव काशान या इराणी शहरावरून आले. बाराव्या-तेराव्या शतकांत काशान हे या धंद्याचे प्रमुख केंद्र होते. तेथील कुंभारांच्या घराण्यातील अबुल कासिम याने इ.स. १३०१ मध्ये या कलेवर एक प्रकरण लिहून ठेवले, म्हणून तिची कृती आपणांस तपशिलाने ठाऊक आहे. गारगोटीची पूड, काचेची पूड व पांढरी माती यांपासून फरशीचे अंग तयार करावयाचे. त्यावर क्षार व गारगोटी यांच्या काचेसारख्या रसाचा लेप द्यावयाचा. रसात कथील मिसळले म्हणजे तो अपारदर्शक पांढरा होतो, तांब्याने पिरोजी रंग येतो व कोबाल्टने गडद लाजवर्दी निळा. मग हे सारे भट्टीत भाजावयाचे. पुढे निरनिराळ्या रंगांच्या भाजलेल्या फरशा कापून, त्यांचे तुकडे नक्षीप्रमाणे जुळवून भिंतीवर बसविण्याची पद्धतही रूढ झाली.

ही कला जेथे फोफावली, तो मुलूख विटांचा होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. इराणात सुलतानिया येथे इ.स. १३१२ च्या सुमारास पुरा झालेला उल्जायतूचा अष्टकोनी मकबरा विटांचा आहे. त्याचा सुमारे ५० मीटर उंचीचा घुमट पिरोजी फरशांनी मढविलेला आहे. इ.स. १३२० नंतर मुलतानमध्ये उभा राहिलेला रुक्न-ए-आलमचा मकबराही अष्टकोनी, विटांचा व फरशांच्या पट्ट्यांनी सजविलेला आहे. विटेच्या भिंतीवर कोरीव काम करता येत नाही. पावसापाण्यापासून तिचे रक्षण करावयाचे आणि तिला शोभाही आणावयाची, ही दोन्ही कामे झिलईची फरशी एकाच वेळी करते. म्हणजे काशीकाम ही केवळ हौस नव्हे. विशिष्ट बांधकामाची ती गरज होती.

खानदेशच्या शेजारी ही कला अज्ञात नव्हती. मांडूच्या इमारतींत निळ्या-पिवळ्या फरशांच्या पट्ट्या आढळतात. देवगिरीच्या किल्ल्यात चिनी महाल आहे, औरंगजेबाने इ.स. १६८७ मध्ये गोवळकोंडा जिंकल्यानंतर अबुल हसन तानाशाह यास ज्या इमारतीत कैदेत ठेविले होते, ती हीच. तिच्या दर्शनी भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचे अवशेष अद्याप दिसतात. दख्खनमध्ये या कलेचे खरे केंद्र मात्र बीदर हे होते.

४. दोन मकबरे, एक वर्षाचे अंतर

बीदरच्या पूर्वेस सुमारे ३ किलोमीटरवर अष्टूर हे गाव आहे. बहमनी सुलतानांचे मकबरे तेथे ओळीने उभे आहेत. त्यांतील अलाउद्दीन अहमदशाह याचा मकबरा आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. हा सुलतान इ.स. १४५८ मध्ये वारला. थाळनेरचा मुबारकखान वारला इ.स. १४५७ मध्ये. मृत्यूंत अंतर अवघ्या एका वर्षाचे. शिवाय दोघांत नातेही होते: नासिरखान फारूकीची कन्या अलाउद्दीनास दिलेली होती. ती मुबारकखानाच्या पित्याची बहीण. म्हणजे अलाउद्दीन हा मुबारकखानाच्या आत्याचा नवरा. एकाच सोयरगोतातील, एकाच दशकातील हे दोन मकबरे. त्यांपैकी अष्टूरच्या मकबऱ्याची दर्शनी भिंत रंगीत फरशांनी मढविलेली होती व तिच्या कडांना काळ्या दगडाच्या कोरीव पट्ट्या होत्या. थाळनेरचा मकबरा मात्र केवळ दगडाचा. असे का व्हावे?

या प्रश्नाचे एक उत्तर माणसांच्या येण्याजाण्यात आहे. अलाउद्दीनाचा पिता अहमदशाह वली (मृत्यू इ.स. १४३६) याने किरमानचे सूफी सत्पुरुष शाह नियामतुल्लाह यांच्याशी संबंध जोडला होता. इराणातील माहान येथील त्यांच्या समाधीची मूळ इमारत या बहमनी राजाच्या पैशाने उभी राहिली, हे विसरता कामा नये. प्रभाव एकाच दिशेने वाहत असतो, या समजुतीस तेवढ्यानेच धक्का बसतो. नियामतुल्लाह यांचे वंशज बीदरला येऊन राहिले. त्यांचे पुत्र खलीलुल्लाह यांची चौखंडी अष्टूरच्या वाटेवर आहे, आणि तिच्यावरील अक्षरलेखनावर एका शिराझी लेखनकाराची सही आहे. दाभोळ, चौल यांसारख्या बंदरांतून इराणी व्यापारी, मुत्सद्दी, सैनिक व कारागीर बहमनी राज्यात येत असत. गीलानहून आलेल्या महमूद गावानाने इ.स. १४७२ मध्ये बीदरला बांधलेला मदरसा हे या येण्याजाण्याचे सर्वांत मोठे स्मारक होय. या परदेशस्थ मंडळींना 'आफाकी' म्हणत आणि स्थानिक 'दखनी' सरदारांशी त्यांचे वैर प्रसिद्धच आहे.

फारूकींचा या आफाकींशी संबंध आला, तो रणांगणावर. आपल्या मुलीस बीदरच्या जनानखान्यात अवमानाची वागणूक मिळते, या कारणावरून नासिरखानाने वऱ्हाडवर स्वारी केली. तिच्या प्रतिकारास अलाउद्दीनाने खलफ हसन बसरी यास पाठविले. खलफ हसनाने दखनी सरदारांना वगळून केवळ आफाकींची फौज बरोबर घेतली, नासिरखानाचा रोहिणखेड येथे पराभव केला, बऱ्हाणपूर लुटले आणि लळिंगपर्यंत त्याचा पाठलाग केला. त्याच धामधुमीत, इ.स. १४३७ मध्ये, नासिरखान मरण पावला. समुद्रापासून दूर, उत्पन्नाने मर्यादित आणि माळवा-गुजरातच्या सोयरिकी व आश्रय यांवर उभे असलेले हे राज्य काशानच्या कारागिरांना बोलावण्याच्या स्थितीत नव्हते. त्याच्या वाटा मांडू व अहमदाबाद येथे जात होत्या.

दुसरे उत्तर जमिनीत आहे. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे आहे. जांभा सहज कापता येतो, परंतु सच्छिद्र असल्याने त्यावर बारीक नक्षी कोरता येत नाही. त्यावर गिलावा तरी करावा लागतो किंवा फरशी तरी बसवावी लागते. कोरण्याजोगा काळा पाषाण तेथे मुख्यतः चौकटी व कडा यांसाठी वापरलेला दिसतो. खानदेशात, सातपुडा आणि सह्याद्रीच्या फाट्यांच्या मधल्या या खोऱ्यात, कोरण्याजोगा पाषाण आणि तो कोरणारे हात दोन्ही उपलब्ध होते. ज्या भिंतीवर थेट कोरता येते, तीवर फरशी बसविण्याचे कारण उरत नाही.

अष्टूरच्या खलीलुल्लाह चौखंडीवर आज एक विलक्षण दृश्य दिसते. तिच्या कमानींच्या कडांवरील कोरीव काळा दगड जवळजवळ जसाच्या तसा आहे. त्या कडांच्या आत ज्या फरशा होत्या, त्या गळून पडल्या आहेत. चित्र गेले, चौकट राहिली. थाळनेरच्या कारागिरांनी चौकटीच्या दगडालाच चित्र केले, असे म्हणता येईल.

तेव्हा विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर असे: इराणी परंपरेतून थाळनेरास जे आले, ते रचनेचे तत्त्व आले, पृष्ठभागाची सजावट आली नाही. जे उपयोगी होते व स्थानिक साधनांत बसण्याजोगे होते, ते घेतले; ज्याची गरज स्थानिक दगडाने आधीच भागविली होती, ते घेतले नाही.

५. शब्दांची साक्ष

आम्ही मकबऱ्यात उभे असताना कोणी विद्यार्थ्याने मोठ्याने हाक दिली व ती वर घुमून परत आली. 'घुमट' या शब्दाची चर्चा त्यावरून निघाली, आणि वास्तूंविषयी जे अनुमान वर काढले, तेच मराठीच्या शब्दसंग्रहातही कितपत पडताळून पाहता येईल, हा विचार पुढे आला.

घुमट हा शब्द फारसी 'गुंबद' यापासून आला, असे सामान्यतः मानतात. हिंदीत तो गुंबद, गुंबज अशा रूपांनी मूळ उच्चाराच्या जवळ राहिला. मराठीत मात्र आरंभीचा ग महाप्राण झाला, अनुनासिक व ब मिळून म झाला आणि अंत्य द चा ट झाला. एवढे ध्वनिपरिवर्तन केवळ उच्चारसौकर्याने झाले असेल, असे वाटत नाही. 'घुमणे' हे क्रियापद भाषेत होतेच, आणि घुमटाखाली आवाज घुमतो, हा अनुभवही होता. परक्या शब्दाला ओळखीच्या क्रियापदाची ओढ लागली असावी. गोमंतकातील घुमट या मातीच्या घटाच्या वाद्याचे नावही या ओढीस पोषक ठरते. आणि एकदा शब्द घरचा झाल्यावर त्याला लघुत्ववाचक रूपही मिळाले: शेताच्या बांधावरील देवाच्या लहानशा देवळीला आपण 'घुमटी' म्हणतो. ती म्हणताना फारसीची आठवण कोणासही होत नाही.

'महिरप' या शब्दाचा प्रवास याहून मनोरंजक आहे. मूळ अरबी शब्द 'मिहराब'. मशिदीत मक्केची दिशा दाखविणारा जो कमानदार कोनाडा असतो, तो मिहराब. मराठीत स्वरांची अदलाबदल झाली, अंत्य ब चा प झाला आणि अर्थ विस्तारून 'नक्षीदार कमान' असा झाला. आज गणपतीच्या मखराला महिरप असते, देव्हाऱ्याला महिरप असते, आणि शाळेतील मूल अंकगणितात 'महिरपी कंस' सोडविते. घुमट व महिरप या दोन्हींत अंत्य मृदू व्यंजन कठोर झालेले दिसते. परंतु किताब, गुलाब असे शब्द अविकृत राहिले असल्याने त्यास नियम म्हणता येणार नाही.

'कमान' म्हणजे फारसीत धनुष्य. तीरकमान या जोडशब्दात तो अर्थ मराठीतही टिकला आहे. परंतु धनुष्याला धनुष्य हा शब्द येथे होताच. म्हणून कमान ही प्रामुख्याने दगडाची झाली. 'कंगोरा' म्हणजे तटाच्या किंवा छपराच्या माथ्यावरील दात्यांची कड. तो शब्द पुढे इतका रुळला की आपण आज "विषयाचे कंगोरे" पाहतो. 'गिलावा' हाही फारसीच, चिखलाच्या लेपाचा वाचक. 'नक्षी' अरबी 'नक्श'पासून आली.

आता याच इमारतीच्या इतर भागांची नावे पाहू. जोते, पायरी, उंबरठा, भिंत, खांब, तुळई, वीट, चुना: हे सारे शब्द देशी किंवा संस्कृतोद्भव आहेत. भिंत ही भित्तीची, वीट इष्टकेची व चुना हा चूर्णाचा वंशज. येथे एक वाटणी स्पष्ट दिसते. जमिनीपासून वर चढत जाणाऱ्या, भार वाहणाऱ्या भागांना जुनी नावे आहेत; मोकळी जागा वक्राकाराने झाकणाऱ्या भागांना, म्हणजे कमान व घुमट यांना, फारसी नावे आहेत. खांबावर तुळई टाकून छप्पर करण्याची पद्धत येथली होती, तेव्हा तिचे शब्दही येथले. कमानीने अंतर ओलांडण्याचा प्रघात बाहेरून बळावला, तेव्हा त्याचा शब्दही बाहेरचा. आणि या सर्वांच्या माथ्यावर काय असते? घुमटाच्या टोकाला आपण 'कळस' म्हणतो. पाया देशी, घुमट फारसी, आणि पुन्हा कळस देशी: मराठी वाक्यात एखादा फारसी शब्द देशी विभक्तिप्रत्ययांच्या व क्रियापदांच्या कोंदणात बसावा, तसेच हे आहे.

काशीकामाचे काय? 'काशी' हा शब्द या अर्थाने मराठीत रुळला नाही. मराठी माणसाला काशी म्हणजे वाराणसी. देवगिरीच्या महालाला त्याने 'चिनी' हे विशेषण लावले, म्हणजे इराणी तंत्राचे श्रेय चीनला दिले. भाजलेल्या शुभ्र भांड्यांच्या मातीला तो 'चिनी माती'च म्हणत असे. 'झिलई' हा शब्द आला, तो अरबी 'जिला' म्हणजे चकाकी यावरून; परंतु तो प्रामुख्याने धातूला चढविलेल्या चकाकीचा वाचक झाला. वस्तू फारशी रुळली नाही, म्हणून तिचे नावही रुळले नाही. थाळनेरच्या भिंती आणि मराठीचा कोश येथे एकच साक्ष देतात.

६. एक सावधगिरी

अशा अनुमानांचा मोह मोठा असतो. म्हणून विद्यार्थ्यांसाठी एक इशारा आवश्यक आहे. शब्द परका असला की वस्तूही परकीच असली पाहिजे, असे नाही. 'दरवाजा' हा शब्द फारसी आहे. म्हणून फारसी येण्यापूर्वी महाराष्ट्रातील घरांना दारे नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. द्वारापासून आलेले 'दार' भाषेत होते व आहे. नव्या शब्दाच्या आगमनाने दोहोंत कार्यविभागणी मात्र झाली: घराचे दार, किल्ल्याचा दरवाजा. दार लावतात, दरवाजा बंद होतो. 'इमारत' हा शब्द अरबी आहे, पण इमारती त्याआधीही होत्याच. म्हणून एकेकट्या शब्दावर अनुमान बांधू नये. शब्दांचा गट पाहावा, त्या गटात कोणत्या जागा देशी शब्दांनी अडविल्या आहेत व कोणत्या मोकळ्या होत्या, हे पाहावे, आणि मग प्रत्यक्ष वास्तूशी ते ताडून पाहावे.

उलट बाजूचीही उदाहरणे ध्यानात ठेवावीत. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत राजा अलीखान फारूकीच्या काळचा, इ.स. १५९० चा, लेख अरबीबरोबर संस्कृतातही कोरलेला आहे. त्यात सृष्टिकर्त्यास वंदन आहे, वंशावळ आहे व विक्रम आणि शक या दोन्ही कालगणनांतील मिती आहे. खलीफांशी नाते सांगणाऱ्या राजाने आपली वंशावळ मशिदीत देवनागरी लिपीत कोरवावी, ही गोष्ट प्रभावाचा प्रवाह उलटही वाहतो, हे दाखविते. राजांची नावेही लोकांच्या तोंडी बदलली. 'आदिल'चे 'एदल' झाले. जळगाव जिल्ह्यातील आजच्या मुक्ताईनगरचे पूर्वीचे नाव एदलाबाद, म्हणजेच आदिलाबाद. ज्याला आपण परकी नाव समजतो, ते इतके या मातीतले होऊन बसले होते.

७. समारोप

थाळनेरच्या मकबऱ्यांविषयी बोलताना दोन टोकांची विधाने ऐकू येतात. एक असे, की हे सारे बाहेरचे, आपला त्याच्याशी संबंध नाही. दुसरे असे, की हे सारे इराणी कलेचे वैभव. पहिल्या विधानात इमारत बेवारस होते. दुसऱ्यात ती घडविणारा पाथरवट बेवारस होतो. वस्तुस्थिती या दोहोंहून वेगळी आहे. नकाशा दूरचा, हात जवळचे, आणि काय घ्यावयाचे व काय नाही, याचा निर्णय येथे झालेला. मराठी भाषेनेही फारसीच्या बाबतीत हेच केले. तिने महिरप घेतली आणि मखराला लावली.

या विषयात अद्याप करण्याजोगे काम पुष्कळ आहे, आणि ते आपल्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. धुळ्याकडील अहिराणी आणि जळगाव-रावेरकडील लेवा बोली बोलणारे जुने गवंडी व पाथरवट आजही काही गावांत आहेत. दगडाच्या थराला, सांध्याला, कमानीच्या मधल्या दगडाला, चुन्याच्या घाणीला, छिन्नीच्या प्रत्येक प्रकाराला त्यांच्याजवळ शब्द आहेत. सिमेंट व लोखंडी सळईने त्यांचे काम कमी झाले आणि कामाबरोबर ते शब्दही वापरातून निघून जात आहेत. दगड पडला तर निदान तो जागेवर सापडतो. शब्द गेला की त्याची खूणही राहत नाही. तेव्हा पुढील फेरीत मोजपट्टी व ध्वनिमुद्रक या दोहोंसह थाळनेरास जावे, एखाद्या वृद्ध गवंड्यास बरोबर घ्यावे, आणि त्या अष्टकोनी मकबऱ्यापुढे उभे राहून एकेका भागाकडे बोट दाखवून त्यास विचारावे, "याला आपण काय म्हणता, बाबा?" त्याची उत्तरे हे मराठीच्या वास्तुशब्दकोशाचे पहिले पान ठरेल.